‘माल येत नाही’ एवढंच का कळावं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी बंद झालेल्या वस्तूंच्या आठवणी लिहिल्या होत्या. कुणी गोल्ड स्पॉटवर लिहिलं, कुणी बिनाकावर, कुणी एचएमटीच्या घड्याळावर. ते पान मी कापून ठेवलं आहे. पण ती सगळी पत्रं घेणाऱ्यांची होती. विकणाऱ्याच्या बाजूनेही काही सांगण्यासारखं आहे, आणि एक मागणीही आहे, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल. जागा कमी पडली तर आठवणी कापा, मागणी मात्र ठेवा.

ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत आमचं जनरल स्टोअर्स होतं. १९८१ मध्ये मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाई गल्ल्यावर बसत. दोन-तीन वर्षांनी त्यांनी मला शेजारी बसवलं, आणि त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडल्यावर दुकान माझ्याकडे आलं. २०२२ मध्ये इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा ते बंद केलं. दहा बाय बाराचा गाळा, तीन बाजूंना छतापर्यंत फळ्या. साबण, पावडरी, वह्या-पेनं, शिवणाचा दोरा, स्टोव्हच्या वाती, श्रावणात राख्या, दिवाळीत मोती साबण आणि उटणं. बराचसा माल एजन्सीचा, थोडा जांभळी नाक्याच्या ठोक बाजारातून. स्टेशनरी मात्र मी स्वतः मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटला जाऊन दोन पिशव्या भरून लोकलने आणायचे.

दुकानात नवी वस्तू येते ते सगळ्यांना दिसतं. टीव्हीवर जाहिरात असते, सेल्समन पोस्टर घेऊन येतो, डझनावर एक फ्री असतं, काउंटरवर ठेवायला रंगीत स्टँड मिळतो. वस्तू जाते कशी ते फक्त दुकानदार बघतो. सेल्समन ऑर्डरबुक उघडतो, आपण नाव सांगतो, तो पेन न उचलता म्हणतो, “माल येत नाही.” पुढच्या आठवड्यात विचारलं तर म्हणतो, “बघू, मागून येईल.” महिनाभराने म्हणतो, “त्याच्याऐवजी हे ठेवा ना ताई, हे चालतंय.” संपलं. चिठ्ठी नाही, तारीख नाही. त्याला दोष द्यावा तर त्यालाही वरून कुणी काही सांगितलेलं नसतं. इकडे गिऱ्हाईक काउंटरला येतं, आपण सांगतो, “संपलंय, सोमवारी या.” ते बिचारं सोमवारी येतं. चाळीस वर्षांत किती माणसांना मी असं सोमवारी बोलावलं असेल, आणि त्या वस्तूचा सोमवार पुन्हा कधी उगवणारच नव्हता.

सासूबाईंना हे फार खटकायचं. त्यांनी उधारीची एक वही उलटी करून मागच्या बाजूने लिहायला घेतली. वर मथळा एकच शब्दाचा: ‘बंद’. त्याखाली वस्तूचं नाव, शेवटचा माल आला तो दिवस, किती नग होते आणि शेवटचा नग कुणी नेला. हे शेवटचं त्या कशासाठी लिहीत, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. पुढे मीही तसंच लिहीत गेले. आता वही चाळताना वस्तूंपेक्षा ती माणसंच आधी डोळ्यांपुढे येतात.

पहिल्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात ‘डबल सेव्हन’ आहे. १९७७ मध्ये कोका-कोलाने देश सोडला तेव्हा सरकारच्याच मॉडर्न बेकरीजने ते पेय काढलं होतं. ज्या वर्षी आलं त्याच वर्षाचं नाव मिळालेलं हे बाळ फार जगलं नाही. गोल्ड स्पॉटची नोंद माझी. १९९३ मध्ये पार्लेने आपली पेयं कोका-कोलाला विकली. थम्स अप आणि लिम्का टिकली, आणि गोल्ड स्पॉटच्या जागी फँटा आलं. ड्यूक्सची पेयं १९९४ मध्ये पेप्सीकडे गेली आणि काही वर्षांनी मँगोलाही मिळेनासं झालं. मँगोलाची शेवटची बाटली गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या इस्त्रीवाल्याच्या मुलीने नेली, असं वहीत आहे. पेयांबद्दल आपल्याकडे खूप पत्रं आली आहेत, त्यामुळे चवीचं वर्णन मी करत बसत नाही. दुकानदाराचं एवढंच सांगते, की काचेच्या बाटलीवर डिपॉझिट असायचं. अशाच एका पेयाची विक्री थांबली तेव्हा एजन्सीने आमचे तीन क्रेट रिकाम्या बाटल्या परत घ्यायला नकार दिला. ‘आता या बाटल्या कंपनी घेत नाही’ हे एजन्सीला ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. आधीच्या महिन्यात कळलं असतं तर मी बाटल्या गोळा करून वेळेत परत केल्या असत्या. डिपॉझिट बुडालं त्याचं दुःख कधीच ओसरलं. आम्हाला सांगायची गरज कुणाला वाटली नाही, ते मात्र आजही मनात आहे.

काही वस्तू नावाने राहतात आणि आतून जातात. २००२ मध्ये लाइफबॉय बदलला. तोपर्यंत तो लाल, कडक, कार्बोलिकच्या वासाचा होता. कारखान्यातून घरी आलेला माणूस त्याने कोपरापर्यंत हात धुवायचा आणि तो वास मोरीतून थेट बाहेरच्या खोलीपर्यंत यायचा. नवा साबण मऊ होता, फेस जास्त होता, पुष्कळांना तो आवडलाही. पण वागळे इस्टेटमध्ये नोकरी केलेले दोन-तीन जण कितीतरी महिने वडी उचलायचे, वेष्टनावरूनच नाकाशी न्यायचे आणि खाली ठेवायचे. “जुन्या वासाचा आहे का एखादा मागे पडलेला?” असं विचारायचे. अशी वस्तू वहीत कशी लिहायची हा मला प्रश्न पडला होता. नाव तर चालू होतं. शेवटी मी लिहिलं: ‘लाइफबॉय, वास.’

बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात प्लॅस्टिकचे छोटे प्राणी यायचे. आमच्या घरी तेरा जमले होते, त्यात उंट तीन. ‘बिनाका गीतमाला’ १९५२ पासून रेडिओ सिलोनवर लागायची आणि सासूबाई बुधवारी रात्री तिच्यासाठी दुकान थोडं लवकर आवरत, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. पुढे त्या टूथपेस्टचं सिबाका झालं आणि १९९४ मध्ये ती कोलगेटकडे गेली. मुलं कितीतरी दिवस खोकं हलवून बघायची, आत काही वाजतं का.

स्टेशनरीचं पान मला सगळ्यांत जवळचं. पोखरण रोडला कोरसचा कारखाना होता, तिथले कार्बन पेपर आणि टाइपरायटरच्या रिबिनी आपल्याच गावातल्या. पुढच्या गल्लीत टायपिंगचा क्लास होता. संध्याकाळी साडेसहाच्या बॅचच्या मुली काळ्या-लाल रिबिनी न्यायला यायच्या, त्यांच्या बोटांना शाई असायची. कोर्ट नाक्यावर प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणारे एक गृहस्थ दर महिन्याला बारा रिबिनी एकदम नेत, कारण आमच्याकडे त्या त्यांना एक रुपयाने स्वस्त पडायच्या. गोदरेज अँड बॉइसने १९५५ मध्ये भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली होती. त्यांनी ते थांबवलं २००९ मध्ये, आणि आपल्या लोकांना त्याची बातमी कळली २०११ मध्ये, तीही परदेशी वर्तमानपत्रांत गाजल्यावर. मधली दोन वर्षं ते गृहस्थ मला विचारत होते, “नवं मशीन घ्यावं की हेच दुरुस्त करावं?” मी सांगत होते, “नवं घ्या, गोदरेजचं काय, मिळेलच.” त्यांनी शेवटी जुनंच दुरुस्त केलं ते त्यांचं नशीब.

शाईच्या टिकल्याही त्याच पानावर आहेत. कॅम्लिनच्या दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये सुरुवात केली तीच मुळी ‘हॉर्स ब्रँड’ शाईच्या पुडी आणि टिकल्यांनी. शाईची टिकली मी विकली ती अगदी सुरुवातीची काही वर्षं. पाण्यात टाकली की निळा धागा सुटून खाली उतरायचा. शाळेतली मुलं तेवढं बघण्यासाठी आमच्या प्यायच्या पेल्यात टिकली टाकायची आणि सासूबाईंचा ओरडा खायची.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले, त्या माणसाकडे येते.

आमच्या मागच्या चाळीत एक गृहस्थ राहायचे, जन्मापासून दृष्टी नसलेले. एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते. सगळी गल्ली त्यांना ऑपरेटर काका म्हणायची. पांढरी काठी काउंटरला टेकवून उभे राहायचे आणि मला काही काढून द्यायला सांगायचे नाहीत. “वहिनी, मला आत येऊ द्या,” म्हणायचे. फळीवरून हात फिरवत स्वतः वस्तू घ्यायचे. मेणकागदातला बिस्किटाचा पुडा, उभ्या रेघा असलेली खोबरेल तेलाची बाटली, खडबडीत वेष्टनातली साबणाची वडी, सगळं बोटांनी ओळखायचे. मी सामान लावताना जागा बदलली तर लगेच म्हणायचे, “आज पाहुणे आले वाटतं फळीवर!” त्यांच्यामुळे मला वस्तूंना हात लावून बघायची सवय लागली. पॅकिंग म्हणजे काय असतं हे मी त्यांच्याकडून शिकले. आपण रंग आणि चित्र बघतो. त्यांना धार, वजन, झाकणाचा आटा आणि पत्र्याचा गारवा कळायचा.

ते दात घासायला एका कंपनीचं दंतमंजन वापरत. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. ते पत्र्याच्या गोल डब्यात यायचं. झाकण फिरवलं की भोकं उघडायची, आणि डब्याच्या बुडाला नाव उठावदार ठोकलेलं असायचं. काका अंगठ्याने ते नाव वाचायचे. १९९८ च्या उन्हाळ्यात पत्र्याचा डबा बंद होऊन प्लॅस्टिकचा आला. उंच, गुळगुळीत, पांढरा. घामोळ्यांच्या पावडरीचा डबाही तेव्हा तसाच होता. मी काकांना सांगितलं की डबा बदललाय. पण तो दुसऱ्या डब्यासारखाच लागतो हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी डोळ्यांनी बघत होते. आठवड्याने सकाळीच ते दुकानात आले. पहाटे घामोळ्यांची पावडर तळहातावर घेऊन तोंडात घातली होती. काही अपाय झाला नाही, चुळा भरल्या आणि निभावलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “वहिनी, डबा बदलला की पुढच्या वेळी माझ्या हातात दोन्ही देऊन दाखवा.” त्या दिवसापासून दंतमंजनाच्या डब्याच्या गळ्याशी मी शिवणाचा दोरा तीन वेढे गुंडाळून द्यायचे. दोरा लागला की दात, नाही लागला की पाठ, असं आमचं ठरलं.

दोन वर्षांनी ते दंतमंजनच गेलं. कसं गेलं ते सांगते, कारण त्यात माझा हात आहे. एजन्सीवाला आला आणि म्हणाला, “हळू खपणारा माल असेल तर परत द्या, क्रेडिट नोट देतो.” दंतमंजन आता फारसं कुणी घेत नव्हतं. आमच्याकडे चौदा डबे पडून होते. मी काकांसाठी दोन ठेवले आणि बारा परत दिले. त्याने मोजून घेतले, सही केली आणि गेला. ते उत्पादनच थांबलंय, म्हणून सगळीकडून माल गोळा चाललाय, हे त्याने सांगितलं नाही. मला कळलं सात-आठ महिन्यांनी, काकांचा दुसरा डबा संपत आला तेव्हा. मी जांभळी नाक्याच्या सगळ्या ठोक दुकानांत विचारलं. कल्याणला गेले. मशीद बंदरला एका गोदामात दोन डबे मिळाले, एकाचं झाकण फुटलेलं. बारा डबे मी माझ्या हाताने परत दिले होते. काका एक डबा चार महिने पुरवायचे. म्हणजे चार वर्षांचं दंतमंजन.

काकांनी दुसरं मंजन घेतलं, मग टूथपेस्ट. कुठलाही माणूस घेतो तसंच. पण टूथपेस्टची ट्यूब आणि मलमाची ट्यूब हातात सारखीच लागते, आणि दोरा बांधावा तर ट्यूब दाबत जाताना तो निसटतो. नंतर नंतर ते फळीपाशी येईनासे झाले. काउंटरला थांबून म्हणायचे, “तुम्हीच द्या.” वहीत त्या नोंदीपुढे ‘शेवटचा नग’ या जागी त्यांचं नाव आहे. सासूबाई शेवटच्या गिऱ्हाइकाचं नाव कशासाठी लिहीत, ते मला त्या दिवशी उमगलं.

आता मागणी.

वस्तू बंद करू नका असं माझं म्हणणं नाही. दुकान चालवलेल्या बाईला तोटा म्हणजे काय ते कळतं, आणि न खपणारी वस्तू मीही मागवणं थांबवलं आहे. काही वस्तू गेल्या ते बरंच झालं. पंपाच्या रॉकेलच्या स्टोव्हवर भाजलेल्या दोन बायका माझ्या माहितीत आहेत. तो स्टोव्ह परत यावा असं मी कधीही म्हणणार नाही. मला हवंय ते एवढंच, की थांबवण्याआधी सांगावं.

सांगितलं की काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. सरकारने तारसेवा बंद करायची तारीख आधी जाहीर केली, १४ जुलै २०१३ हा शेवटचा दिवस. त्या आठवड्यात मी भाच्याला घेऊन फोर्टच्या तार ऑफिसात गेले आणि मिरजेच्या बहिणीला तार केली. रांगेत कॉलेजची मुलं होती, ज्यांनी आयुष्यात तार बघितली नव्हती. बहिणीने ती तार देवघरात ठेवली आहे. चार आण्याचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं तेव्हाही आधी कळवलं होतं. मी गल्ल्यातली बरणी उपडी करून बँकेत जाऊन बदलून आणली. बेस्टची जुनी डिझेलची डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली, प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला. लोकांनी हार घातले, मुलांना घेऊन फोटो काढले. कारण दिवस माहीत होता.

कुणी म्हणेल, ही सरकारी कामं झाली, खासगी कंपनीला असं कसं बांधता येईल? बांधता येतं. आमच्या शेजारी केमिस्टचं दुकान होतं, त्यांच्याकडून मला हे समजलं. औषध (किंमत नियंत्रण) आदेश, २०१३ मध्ये नियम आहे, की किंमत नियंत्रणाच्या यादीतलं औषध बनवणं थांबवायचं असेल तर कंपनीने किमान सहा महिने आधी जाहीर सूचना द्यायची आणि सरकारला कळवायचं. लोकांच्या हिताचं वाटलं तर सरकार ते औषध आणखी काही काळ, एक वर्षापर्यंत, चालू ठेवायला सांगू शकतं. औषधाइतकं कडक साबणाला नको, हे मलाही समजतं. पण त्यातली जाहीर सूचना तेवढी घ्यायला काय हरकत आहे? सहा महिने नको, तीन चालतील. वेष्टनावर एक ओळ छापावी: ‘हे उत्पादन अमुक महिन्यानंतर मिळणार नाही.’ उत्पादनाची तारीख, वजन, किंमत, तक्रारीचा फोन नंबर एवढं सगळं बारीक अक्षरात मावतं, त्यात ही ओळही मावेल. ज्याला चार जास्तीचे घ्यायचे तो घेईल. ज्याला दुसरं शोधायचं तो सावकाश शोधेल. ज्या घरात डोळ्यांनी न दिसणारं, किंवा आठवण हरवत चाललेलं, किंवा सवयीबाहेरचं काही न चालणारं माणूस आहे, त्या घराला तयारीला वेळ मिळेल.

सुट्या भागांचं तर याहून जास्त. नूतन स्टोव्हच्या वाती आमच्याकडे शेवटपर्यंत होत्या. मसाल्याच्या कारखान्यात जाणाऱ्या एक आजी त्या न्यायच्या. स्टोव्ह उत्तम होता, पण वात मिळाली नाही की त्याचं लोखंड होतं. मिक्सरचं भांडं, पंख्याचा रेग्युलेटर, पेनाची रिफिल, सगळ्यांचं तेच. ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं, तिथे कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती द्यायची आहे. तिथेच ‘हा भाग अमुक तारखेनंतर बनणार नाही’ एवढं लिहायला लावलं तर पुष्कळ होईल.

आपल्याकडेही एक मागणं आहे. आपण रोज निधनवार्ता छापता, हरवले-सापडले छापता. आठवड्यातून एकदा, चार ओळींची जागा या वस्तूंना द्या. दुकानदार कळवतील, एजन्सीवाले कळवतील, खातरजमा करून एक ओळ छापा. लोक विचारतात हे छापून आलं तर कंपन्याही वाचतात. पार्लेची रोला-कोला गोळी बंद झाली होती. २०१९ मध्ये कुणी तरी ट्विटरवर ती मागितली, कंपनीने गमतीत दहा हजार रिट्विट मागितले, ते झाले आणि गोळी त्याच वर्षी परत आली. बातमी वाचून मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. तीच गोळी आमच्या काउंटरवर शाळेची पोरं रोज मागत होती, वर्षानुवर्षं. त्यांचं विचारणं कुठेच नोंदलं गेलं नाही, कारण ते मराठीत होतं, तोंडी होतं आणि सुट्या पैशांचं होतं.

आम्ही दुकान बंद केलं तेव्हा तीन महिने आधी काउंटरवर कागद लावला होता. तारीख लिहिली होती. खाली लिहिलं होतं, ‘काय काय लागतं ते सांगा, कुठे मिळेल ते लिहून देते.’ लोक आले. ज्यांची उधारी मी विसरले होते त्यांनी आठवणीने दिली. एका मुलाने लग्नात वाटायला म्हणून उरलेल्या सगळ्या पाटी-पेन्सिली नेल्या, तो शाळेत असताना आमच्याकडूनच घ्यायचा. ऑपरेटर काका तेव्हा नव्हते. त्यांच्या सूनबाई आल्या होत्या, त्यांना मी शिवणाच्या दोऱ्याचं एक रीळ दिलं. कशासाठी ते त्यांना माहीत होतं.

वहीतल्या ‘बंद’च्या नऊ पानांची झेरॉक्स सोबत जोडली आहे. आपल्याला उपयोग होईल तसा करावा. २६ जुलै २००५ च्या पावसात दुकानात पाणी आलं तेव्हा वही भिजली, म्हणून काही ठिकाणी अक्षर पुसट आहे. चौथ्या पानावरची सातवी नोंद सासूबाईंच्या हातची आहे. तिथे वस्तूचं नाव पूर्ण गेलंय, एवढंच वाचता येतं: ‘हिरवी चपटी बाटली, बुचाची. दादरहून यायची. शेवटच्या सहा. एक ठेवली आहे.’ ती बाटली आमच्या घरात मला सापडली नाही. आपल्या वाचकांपैकी कुणाला ती कशाची असेल ते सांगता आलं तर कृपया कळवावं, मी नाव भरून घेईन.

आपली नम्र,
एक निवृत्त दुकानदार
नौपाडा, ठाणे (प.)